हवेच्या टाकीतला गारवा

बीडजवळचा नारायणगड म्हणजे आपली धाकटी पंढरी. वैशाखात तिथे एसटीने जायचे तर दर्शनाआधीच पुण्य पदरी पडते. पारा चाळिशीपार, पत्रा तापलेला, आणि इंजिनाला खेटून बसलेला चालक घामाने निथळत असतो. गडाच्या वाटेवर एका तरुण मेकॅनिकने मला विचारले, ‘‘काका, ब्रेकसाठी बसमध्ये दाबलेली हवा असतेच. तीच थोडी आत सोडली तर गार नाही का वाटणार?’’

प्रश्न भाबडा नाही. सायकलीत हवा भरताना पंप तापतो आणि चाकातून सुटलेली हवा बोटाला गार लागते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. विमानातला गारवाही दाबलेल्या हवेचाच. तिची उष्णता आधी बाहेर टाकतात, मग तिला छोट्या टर्बाइनमधून फुगू देतात. टर्बाइन फिरवताना हवा स्वतःजवळची उष्णता खर्च करते आणि थंड होते. मेख इथेच आहे. हवेकडून काम करून घ्यावे लागते. नुसती भोकातून सोडली, तर वेग ओसरताच बराचसा गारवाही ओसरतो.

बँकेत जन्म गेल्यामुळे मला लगेच जमाखर्च सुचतो. समजा टाकी १०० लिटरची आहे आणि दाब ८ बार. त्या हवेतून फार तर विजेच्या एका युनिटच्या तिसाव्या भागाइतके काम निघेल. भरलेली बस गार ठेवणारे यंत्र तेवढे काही सेकंदांत फस्त करते. टाकी पुन्हा भरायला डिझेल जाळायचे, त्यातली बरीच शक्ती हवा दाबतानाच उष्णता होऊन वाया जायची. शिवाय ही ब्रेकची ठेव आहे. गड उतरताना ती मोडायची नसते.

या हवेने मोठमोठ्यांनाही भुरळ घातली. २००७ साली टाटा मोटर्सने फ्रान्सच्या एमडीआय कंपनीशी हवेवर चालणाऱ्या मोटारीसाठी करार केला. अशा इंजिनातून बाहेर पडणारी हवा मुळातच थंड असते, तीच प्रवाशांना द्यायची, अशी नामी कल्पना होती. २०१२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. मोटार काही आपल्या बाजारात आली नाही.

तेव्हा हवेचा नाद सोडावा, पण चालकाचा घाम विसरू नये. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हे उत्तम झाले. पण तो नियम मालवाहू गाड्यांचा. माणसांनी भरलेली साधी लाल बस हाकणारा त्यात बसत नाही. टपाला पांढरा रंग, इंजिनाच्या झाकणाखाली उष्णतारोधक जाड अस्तर आणि चालकापुढे एक धड चालणारा पंखा, एवढे तरी येत्या उन्हाळ्याआधी प्रत्येक आगारात करून घ्यायला काय हरकत आहे?