गोधडीची उलटी बाजू

परवा बोहारीण दारात बसून गेली. तीन जुन्या साड्या आणि एका जीन्सवर बरीच घासाघीस होऊन स्टीलचा डबा मिळाला. झाकण सैल आहे. तीस वर्षांपूर्वी याच साड्यांना आईने तिला हात लावू दिला नसता. गोधडीला ठेवल्या असत्या.

घाटकोपरच्या भटवाडीत, असल्फ्यात, मुलुंडच्या चाळींत घाटावरून आणि कोकणातून आलेल्या बायकांनी गोधडी सोबत आणली. एक नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. वर-खाली धड कापड, मध्ये फाटक्यांचे थर, आणि कडेपासून आत आत येणारा धावदोरा. पसरायला चाळीची गॅलरी असायची. या टोकाला एक बसे, त्या टोकाला दुसरी, आणि अख्ख्या चाळीच्या भानगडी मधल्या मध्ये शिवल्या जात. आता झोपडपट्टी पुनर्वसनाच्या ३०० चौरस फुटांच्या घरात चार ताटं मांडली की जमीन संपते. लिफ्टसमोर गोधडी पसरून बघा, दोरा ओवायच्या आत सोसायटीचा वॉचमन येईल.

आमच्याकडे एक उरली आहे. वरून ठिगळांचीच गर्दी. उलटी केली की एकरंगी अस्तरावर टाके दिसतात: अर्ध्या भागात बारीक, एकसारखे, उरलेल्या अर्ध्यात लांबलचक, स्वयंपाकाची घाई असल्यासारखे. बारीक टाके आईचे. लांब टाके शेजारच्या मावशींचे, पण हे त्यांना कोणी कधी सांगितलं नाही.

अशी वस्तू संग्रहालयात हवी म्हटलं की लोक हसतात. दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते आणि दिवे जमवून दाखवले, तरी हसतात. तिकडे अमेरिका-कॅनडात गोणपाटातून आकड्याने चिंध्या ओढून केलेले गालिचे लोक संग्रहालयात जाऊन बघतात. त्या गोणपाटाचा ताग बहुतेक आपल्या बंगालचा. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या.

मुंबईत आपल्या गोधड्या मांडायच्या म्हटल्या तर भायखळ्याचं भाऊ दाजी लाड किंवा काळ्या घोड्याचं शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. दोन्ही उत्तम, आणि दोन्ही बोरिवली-मुलुंडकरांना शाळेच्या सहलीपुरती ठाऊक. उपनगरांत माणसं राहतात, वस्तू मात्र दक्षिण मुंबईत राहतात. २०१६ साली धारावीच्या गल्ल्यांतून चाकांवरचं एक छोटं संग्रहालय फिरलं, तिथेच बनणाऱ्या वस्तू घेऊन. तेवढं तरी आपल्याला जमेल. महापालिकेच्या एखाद्या सभागृहात महिनाभर दहा-बारा गोधड्या टांगा. मात्र उलट्या बाजूने टांगा. सुलट बाजूचे रंग मॉलमध्ये ‘क्विल्ट’ म्हणून भरपूर बघायला मिळतात. हात दिसतो तो मागून.

आणि खालच्या पाटीवर ‘कारागीर अज्ञात’ असं लिहू नका. गोधड्या शिवणाऱ्यांतल्या बऱ्याच जणी अजून त्याच वस्तीतल्या टॉवरात, सातव्या नाही तर नवव्या मजल्यावर राहतात. दुपारी दोन ते चार सोडून कधीही बेल वाजवा.