आसवनीचा वायू आणि खडकाचे झाकण

ऊस गाळला, साखर झाली, मळी आसवनीत गेली, तिचे इथेनॉल होऊन टँकर भरून गेले. एवढा हिशोब आपण सर्व सभासद ठेवतो. पण त्याच टाकीतून आणखी एक माल निघतो, आणि तो ताळेबंदात कुठे दिसत नाही. मळी आंबते तेव्हा लिटरभर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डाय-ऑक्साइड बुडबुडे होऊन वर येतो. दिवसाला एक लाख लिटरची आसवनी धरली तर झाले पंचाहत्तर टन. काही आसवन्या हा वायू पकडून थंड पेयांसाठी विकतात, बाकीच्या हवेत सोडून देतात. बॉयलरच्या धुरासारखी त्यात भेसळ नसते, त्यामुळे जमिनीत गाडायला तो सोयीचा. आज ना उद्या कोणीतरी तसा प्रस्ताव घेऊन आपल्याही दारात येईल. तेव्हा हात वर करण्याआधी त्यातले मर्म सभासदांना ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

ही कल्पना नुसती कागदावरची नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचा सुमारे दहा लाख टन वायू २०११ ते २०१४ या तीन वर्षांत दोन किलोमीटरहून खोल असलेल्या वाळूच्या खडकात सोडला गेला. नॉर्वेजवळ समुद्राच्या तळाखाली तर १९९६ पासून हे काम चालू आहे.

आता कोणीही विचारील, की वायू तो, वर येणार नाही का? येऊ पाहतोच. आठशे मीटरच्या खाली दाबाने तो पातळ पदार्थासारखा दाट होतो, तरीही तिथल्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकाच राहतो आणि वर सरकतो. त्याला अडवतो तो वरचा चिकणमातीचा घट्ट थर. त्याची छिद्रे अतिशय बारीक आणि पाण्याने भरलेली असतात. ओल्या पंचातून फुंकर मारून पाहा, म्हणजे कळेल. कोरड्या पंचातून हवा सहज जाते, ओल्यातून बराच जोर लावावा लागतो. खडकाचे झाकण धरून ठेवते ते असे. पण जोर प्रमाणाबाहेर गेला तर तेही सोडते, म्हणून किती दाबाने वायू घालायचा याला मर्यादा असते.

पुढचे काम काळ करतो. वायू पुढे सरकला की मागे पाणी परत शिरते आणि वायूचे थेंब छिद्रांत अडकून पडतात. चिपाड कितीही दाबले तरी थोडा रस राहतोच, तसे. हाच राहिलेला रस आपल्याला गिरणीत खटकतो, इथे मात्र तो हवाच असतो! मग हळूहळू वायू पाण्यात विरघळतो. असे पाणी किंचित जड होते, ते वर न येता खाली बसते. शेवटी खडकातल्या चुना-लोहाशी संयोग होऊन त्याचा दगड बनतो. वाळूच्या खडकात याला हजारो वर्षे लागतात. म्हणजे धोका सर्वात जास्त तो सुरुवातीच्या वर्षांत. नेमकी तीच वर्षे झाकणाच्या भरवशावर काढायची असतात.

आपल्या पायाखाली वाळूचा खडक नाही, काळा पाषाण आहे. त्यात दगड बनण्याचे काम फार झपाट्याने होते. आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्के दोन वर्षांच्या आत दगड झाला. हे वाचून कोणालाही हुरूप येईल. पण त्या पद्धतीत टनभर वायूला सुमारे २५ टन पाणी लागते. उन्हाळ्यात उसाला पाळी देताना आपली काय गत होते, ते सांगायला नको. अमेरिकेत वालुला येथे २०१३ साली पाण्याशिवाय हजारेक टन वायू काळ्या पाषाणात घातला आणि दोन वर्षांनी त्याचे खडे सापडले. तिथे वर घट्ट पाषाण, खाली सच्छिद्र थर. आपल्याकडेही विहीर खोदणाऱ्याला पाषाणाखाली मांजऱ्या लागतो, तसलीच ही रचना. मात्र खोली हवी. कोयनेला हा पाषाण सुमारे किलोमीटरभर जाड आहे, तर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या बोअरमध्ये तो ३३८ मीटरवरच संपला. एका ठिकाणचा दाखला दुसऱ्या ठिकाणी चालत नाही तो असा.

आणि भोकांचे काय? डिकेटरलाच पुढच्या टप्प्यात, २०२४ साली, देखरेखीसाठी खोदलेल्या विहिरीतून वायू व खारे पाणी ठरलेल्या थराबाहेर गेल्याचे उघड झाले. मूळ खडक शाबूत होता, दगा दिला माणसाने पाडलेल्या भोकाने. आपल्या शिवारात तर बोअरची चाळण झालेली आहे. त्या बोअर एवढ्या खोल जात नाहीत हे खरे, पण चुकून वर आलेला वायू आधी आपल्याच पाण्यात उतरणार.

आम्ही या कामाच्या विरोधात नाही. उसाने हवेतून घेतलेला वायू परत जमिनीत जाणार असेल तर ते चांगलेच. परंतु कार्बन क्रेडिटचे पैसे चार-दोन हंगामांत वाटून होतील आणि राखण पुढच्या पिढीकडे राहील. अमेरिकेत वायू घालणे बंद झाल्यावरही ५० वर्षे देखरेख करावी असा मूळ नियम आहे. तेवढा काळ पैसा कोणी भरायचा, हे करारात लिहिलेले हवे. सभेपुढे असा विषय आलाच, तर सभासदांनी आपल्याच जागेवरच्या खोल बोअरचा खडकाचा अहवाल आणि देखरेखीच्या ठेवीची रक्कम, दोन्ही कागद टेबलावर मागावेत. दुसऱ्या जिल्ह्याचा अहवाल दाखवू लागले तर विषय पुढच्या सभेवर ठेवावा.