वऱ्हाडी लेकराची बोली

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या अभिजातपणाचा एक मोठा आधार म्हणजे म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, आणि ते तेराव्या शतकात सिद्ध झाले अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरात. सामान्य म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकू नयेत म्हणून महानुभावांच्या नागदेवाचार्यांनी संस्कृताऐवजी लोकभाषेचा आग्रह धरला. त्याच जिल्ह्यात, किंवा शेजारच्या अकोला जिल्ह्यात, पहिलीतले लेकरू आज ‘मले पाणी पायजे’ म्हणाले की त्याला ‘नीट बोल’ असा दम मिळतो. हा दम केवळ मास्तरच देतात असे नाही. तो घरात, आईबापांकडूनही मिळतो.

या आईबापांना दोष देऊन आपली सुटका होणार नाही. तहसील कचेरीत, बँकेच्या खिडकीशी, पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात आपण तोंड उघडताच समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटणारे हसू त्यांनी पाहिलेले आहे. नाटक-सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस बहुधा गडी किंवा विदूषक असतो, हेही ते पाहतात. कपाशीच्या भावाने ज्याला वर्षानुवर्षे नागवले, त्या शेतकऱ्याला पोराने तरी या मातीतून सुटावे असे वाटते. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर येथे गल्लोगल्ली ‘कॉन्व्हेंट’च्या पाट्या लागल्या त्या या वेदनेपोटी. बोलीची लाज ही मुळात वर्गाची लाज आहे. वरचा वर्ग जे बोलतो ते शुद्ध, खालचा बोलतो ते अशुद्ध, हा निवाडा व्याकरणाने केलेला नाही.

व्याकरण वेगळेच सांगते. ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणणे हा गबाळेपणा नसून नियम आहे. तोच ‘ले’ खानदेशच्या अहिराणीतही आहे. ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो, तोही नियमानेच. शेंडगावच्या गाडगेबाबांनी याच बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारून विचारून महाराष्ट्र जागा केला. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. त्यांची भाषा मात्र उत्तरपत्रिकेत लाल शाईखाली जाईल! उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली तेव्हा मराठी वाचकाने या बोलीतले दुःख आदराने वाचले. पुस्तकात जिला मान द्यायचा, तीच बोली वर्गात हाकलून लावायची, असा हा प्रकार आहे.

मुलाला आपण कोण आहोत हे कळू लागते ते घरच्या शब्दांतून. माय, आजा, पऱ्हाटी, पोळा या शब्दांनीच त्याचे जग उभे राहिलेले असते. हे सारे चूक आहे असे वारंवार ऐकल्यावर ते एवढाच निष्कर्ष काढते, की हे बोलणारी आपली माणसेच हलकी आहेत. आधी ते वर्गात गप्प बसू लागते. पुढे पालकसभेला आजी लुगडे नेसून आली तर ते खांबाआड लपते. प्रमाण मराठी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. ती आलीच पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे. न येण्याची किंमत गरिबालाच मोजावी लागते. परंतु नवी भाषा जुनीच्या शेजारी बसवता येते. ‘आपण घरी असं म्हणतो, पुस्तकात तसं लिहितात,’ हे आईचे एक वाक्य ‘नीट बोल’पेक्षा अधिक शिकवून जाते.

मेळघाटात तर प्रश्न याहून खोल आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलाची भाषा मुंडा कुळातली. मराठीशी तिचे नाते नाही. त्याच्या कानाला वऱ्हाडीही परकीच. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ १९५६ पासून सांगत आहे. ज्या मास्तरला कोरकूचे चार शब्द येत नाहीत, तो त्या मुलाच्या मौनाला ‘मंदबुद्धी’ म्हणतो, आणि बाप ते खरे मानतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या असून समितीत निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक केले आहे. शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे, हेही याच कायद्यात आहे. खेड्यापाड्यांत या समित्यांच्या सभा बहुधा सह्यांपुरत्या होतात, आणि आपल्या कार्यकर्त्यांनाही पोषण आहाराची तक्रार आल्याखेरीज त्यांची आठवण होत नाही. शिबिरात पुस्तकी मराठी बोलणारा आपला कार्यकर्ता मते मागतानाच तेवढा वऱ्हाडी होतो, हेही आयाबाया ओळखून असतात.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्याच सभेत वऱ्हाडीत बोलावे आणि इतिवृत्तात दोन ठराव घालून घ्यावेत: बोलीवरून कोणत्याही मुलाला हसले वा दटावले जाणार नाही, आणि आठवड्यातून एक तास गावातली एखादी म्हातारी, मेळघाटात कोरकू म्हातारी, वर्गात येऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगेल. याला अनुदान लागत नाही, मंत्रालयाची परवानगीही लागत नाही.