एका अक्षराचा वारसा

दहावी-बारावीच्या वर्गात डीएनएचा धडा पाठ होतो, परीक्षेत गुण देतो आणि विसरला जातो. आमच्या मते हा धडा आपल्या घरात आणि वधू-वर मेळाव्यातही पोहोचला पाहिजे.

1953 साली वॉटसन व क्रिक यांनी, रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण संशोधनाचा आधार घेत, डीएनएची पिळाच्या शिडीसारखी रचना मांडली. या शिडीच्या पायऱ्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांच्या जोड्यांनी बनतात. ए समोर टी आणि जी समोर सी, हा त्यांचा नियम. एका पेशीतील हा धागा उलगडला तर सुमारे दोन मीटर भरेल. पण तो हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळला जाऊन 46 गुणसूत्रांच्या रूपाने सूक्ष्म केंद्रकात नीट बसतो. पेशी विभागण्यापूर्वी शिडी मधोमध उलगडते, प्रत्येक जुन्या बाजूसमोर नवी बाजू रचली जाते आणि चुकलेले अक्षर बहुधा तिथल्या तिथे दुरुस्त होते.

परंतु पूर्वी कधीतरी निसटलेली चूक पुढे तितक्याच इमानाने उतरवली जाते. सिकलसेल हे त्याचे उदाहरण. अकराव्या गुणसूत्रावरील हिमोग्लोबिनच्या जनुकात ए च्या जागी टी आला, एवढाच फरक. पण त्यामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. विदर्भातील आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात हे जनुक मोठ्या प्रमाणावर आढळते. एकच सदोष प्रत असणारा वाहक सहसा निरोगी असतो. त्याला तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षणही मिळते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हे अक्षर टिकून राहिले. मात्र दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.

हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वकर्माच्या सिद्धान्ताची चिकित्सा करताना आनुवंशिकतेचाच दाखला दिला आहे: मूल शरीराने जे घेऊन येते, ते आई-वडिलांकडून येते.

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत विदर्भातून आलेली अनेक कुटुंबे आहेत. गाव सुटले तरी रक्तातील अक्षर सुटत नाही. 2023 साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. 2047 हे तिचे उद्दिष्ट वर्ष आहे. संत तुकाराम नगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. साध्या रक्तचाचणीने वाहक ओळखता येतो. त्यासाठी रुग्णालयात चौकशी करण्यास संकोच कशाला?

आमचा आग्रह एवढाच, की पत्रिका न जुळवणाऱ्या आपल्या समाजाने लग्नापूर्वी हा अहवाल जरूर पाहावा. तो दोन्हीकडचा पाहावा, गुप्त ठेवावा आणि त्यावरून कोणत्याही मुलीला वा मुलाला कमी लेखू नये. दोघेही वाहक निघाले तरी निर्णय त्यांचाच. समुपदेशन व गर्भावस्थेतील तपासणी यांचे मार्ग त्यांना खुले आहेत. माजी विद्यार्थ्यांनी याची सुरुवात स्वतःपासून करावी.

पेशी आपले अक्षर न वाचताच उतरवते. माणसाला मात्र ते वाचता येते, आणि वाचायला शिकवण्यासाठीच तर ही शाळा उभी राहिली.