चातुर्मासातही चालू राहणारं भाडं

मीरा-भाईंदर रस्त्यावर सिल्व्हर पार्कच्या परिसरात, किंवा मुंबईच्या कुठल्याही उपनगरात, फोटोचा धंदा साधारण तीन तऱ्हांचा असतो. पहिला गाळ्यातला: पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. दुसरा लग्नाचा: शूटिंग, मिक्सिंग, अल्बम. तिसरा मीरा रोड-नायगावच्या मालिकांच्या सेटवर काम मिळावं म्हणून धडपडणाऱ्या मुलामुलींच्या पोर्टफोलिओचा. तिघांच्याही कॉम्प्युटरवर बहुधा फोटोशॉप असतं, आणि ते कुठून आलं हे कुणी कुणाला विचारत नाही.

विचारायला हवं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३बीनुसार, बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकतं. पण गाळ्यावर पाटी लावून बसलेल्याला ती पळवाट नाही. म्हणजे ‘क्रॅक’ टाकून घेण्याचा पर्याय बाजूला ठेवला, तर प्रश्न एवढाच उरतो की सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यावं की दरमहा पैसे भरावेत.

हा प्रश्न मुळात ६ मे २०१३ रोजी उभा राहिला. फोटोशॉपच्या पुढच्या आवृत्त्या फक्त सबस्क्रिप्शनवर मिळतील, असं अडोबीने त्या दिवशी जाहीर केलं. त्याआधीचं सीएस६ अमेरिकेत ६९९ डॉलरला मिळायचं. किंमत दणदणीत होती, पण एकदा मोजली की पाच-सहा वर्षं कुणी दारात येत नव्हतं. ग्राहक खवळले, तेव्हा कंपनीने फोटोशॉप आणि लाइटरूम मिळून महिना ९.९९ डॉलरचा फोटोग्राफी प्लॅन आणला. नव्याने धंद्यात उतरणाऱ्यासाठी तो सोयीचाच होता. कॅमेरा, लेन्स, फ्लॅश यांत खिसा रिकामा झालेल्या मुलाला पहिल्याच दिवशी मोठी रक्कम मोजावी लागत नव्हती.

हिशेब मात्र लांब पल्ल्याचा करायचा असतो. २०१५ मध्ये आलेलं लाइटरूम ६ एकरकमी १४९ डॉलरला मिळत होतं. त्या प्लॅनच्या पंधरा हप्त्यांत तेवढी रक्कम भरून निघे. पुढचे सगळे हप्ते वरचे. आपल्याकडे महिन्याला आठशे रुपये धरले तरी पाच वर्षांत ४८ हजार होतात. त्यावरचा १८ टक्के जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या स्टुडिओला परतही मिळत नाही. शिवाय भाडं वाढवणं मालकाच्या हातात: ९.९९ डॉलरचा तो, २० जीबी साठवणुकीचा स्वस्त प्लॅन जानेवारी २०२५ मध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद झाला.

लग्नाच्या फोटोग्राफरची अडचण आणखी वेगळी आहे. त्याचं उत्पन्न पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात काम आटतं. बारशी आणि गणपतीतली किरकोळ कामं सोडली, तर चार महिने बहुतेक स्टुडिओ जुन्या ऑर्डरचे अल्बम संपवत बसतात. हप्ता मात्र श्रावणातही कापला जातो. मग मध्येच बंद करावं म्हटलं, तर ‘वार्षिक करार, मासिक हप्ता’ या प्रकारात पहिले चौदा दिवस उलटल्यावर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते. ही अट ग्राहकापासून दडवली जाते, असा आरोप करत फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून अमेरिकेच्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये अडोबीवर दावा ठोकला. कंपनीने आरोप फेटाळला. ज्या मीरा रोडवर अकरा महिन्यांचा गाळ्याचा करार कलम न् कलम वाचून, साक्षीदार उभे करून होतो, तिथे सॉफ्टवेअरचा करार एका क्लिकवर उरकला जातो.

निदान एक बरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२१ पासून असा हप्ता कापण्याच्या किमान चोवीस तास आधी मेसेज येतो. तो मेसेज नजरेआड करू नये.

मग एकरकमी खरेदीच शहाणपणाची का? तीही सोवळी नाही. लाइटरूम ६ चे अपडेट २०१७ च्या अखेरीस थांबले. सोनीचा अल्फा ७ मार्क थ्री कॅमेरा २०१८ मध्ये आला. त्याची रॉ फाइल हे सॉफ्टवेअर ओळखतच नाही. अडोबीच्याच मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून प्रत्येक फाइल आधी फिरवून घ्यावी लागते. लग्नाच्या हजारो फोटोंवर हा उपद्व्याप करणं म्हणजे एक रात्र गेली. फोटोशॉप एलिमेंट्सच्या २०२५ च्या आवृत्तीने तर कमालच केली: पैसे एकदाच भरायचे, पण परवाना तीन वर्षांचा. लाइटरूमचा स्पर्धक असलेल्या कॅप्चर वनने २०२३ पासून एकरकमी परवान्यात पुढची नवी वैशिष्ट्यं देणं थांबवलं. उलट अॅफिनिटी, जे वर्षानुवर्षं ‘एकदाच पैसे भरा’ म्हणून विकलं गेलं, ते फोटोशॉपसारखंच सॉफ्टवेअर २०२४ मध्ये कॅनव्हा या डिझाइन कंपनीने घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये फुकट करून टाकलं. फक्त कॅनव्हाचं खातं लागतं, आणि एआयची साधनं हवी असतील तर पैसे.

सॉफ्टवेअर विकत घेतलं तरी काम अडू शकतं, हा धडा मराठी डीटीपीवाल्यांना आधीच मिळालेला आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी डाँगलसह विकत मिळायचं. ते छोटं कुलूप कॉम्प्युटरला खोचलेलं असेपर्यंतच काम चाले. सॉफ्टवेअर स्वतःच्या मालकीचं; पण त्या काळच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका आज दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा भेळभत्ता दिसतो.

म्हणून सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं यापेक्षा, पैसे थांबल्यावर आपलं काम आपल्याला उघडता येईल का, हे आधी पाहिलं पाहिजे. लाइटरूम क्लासिकचा हप्ता थांबला तरी फोटोंची लायब्ररी दिसत राहते, फोटो बाहेर काढता येतात. मात्र एडिटिंगचा डेव्हलप विभाग बंद पडतो. अल्बमच्या बारा बाय छत्तीसच्या पीएसडी शीटचं तसं नाही. लेयर शाबूत ठेवून त्यात वधूच्या मामांचं नाव बदलायचं, तर फोटोशॉप किंवा त्याच्या तोडीचं काही हवंच. म्हणून काम संपलं की प्रत्येक शीटची टिफ किंवा पूर्ण दर्जाची जेपेग प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर टाकावी.

आता निवड. पासपोर्ट फोटोवाल्याला सबस्क्रिप्शनची गरज नाही. पार्श्वभूमी पांढरी करायची, चेहरा मापात बसवायचा, चार बाय सहाच्या कागदावर आठ प्रती लावायच्या. मार्च २०२५ मध्ये आलेलं मोफत गिंप ३.० किंवा अॅफिनिटी यासाठी पुरून उरतं. पोर्टफोलिओवाल्याचं काम बारमाही आणि ग्राहक चोखंदळ; त्याने हप्ता भरावा आणि तो दरात धरावा. लग्नवाल्याने रोजच्या कामासाठी एकरकमी किंवा मोफत सॉफ्टवेअर ठेवावं आणि फोटोशॉप लागेल त्या महिन्यांपुरतं महिन्या-महिन्याच्या बोलीवर घ्यावं. त्या बोलीचा महिन्याचा दर चढा असतो. पण पाच-सहा महिन्यांचाच वापर असेल, तर वर्षभराच्या करारासमोर दोन्ही आकडे मांडून पाहावेत.

नवं सॉफ्टवेअर ऐन वैशाखात शिकायला घेणं म्हणजे अल्बम लांबवून नवऱ्या मुलाच्या वडिलांचे फोन ओढवून घेणं. बहुतेक कंपन्या मोफत चाचणीची मुदत देतात. ती चातुर्मासात वापरावी, स्वतःच्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर आणि गेल्या हंगामातल्या एखाद्या पीएसडी शीटवर.