उशिरा पिकणारे अंजीर

रोपवाटिकांच्या जाहिरातींत अलीकडे परदेशी अंजिरांची नावे झळकू लागली आहेत. ‘ही जात उशिरा पिकते, इतरांचे फळ संपल्यावर तुमचे बाजारात येईल’, अशी त्यांची शिफारस असते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी एखाद-दोन एकर जमीन आहे, आणि त्यांचे पालक शाळेत आले की हा विषय हटकून काढतात. आम्ही भाषा शिकविणारे. शेतकी हा आमचा विषय नव्हे. तथापि ‘उशिरा’ या शब्दाचा अर्थ प्रदेशाप्रदेशांत कसा पालटतो हे सांगणे भाषाशिक्षकाच्या अधिकाराबाहेरचे नसावे.

इंग्लंडसारख्या थंड देशात अंजिराचे झाड उन्हाकडच्या भिंतीच्या आडोशाला लावतात. तेथे उशिराची जात म्हणजे वाया गेलेली जात. फळ पिकण्यापूर्वीच थंडी येते आणि हिरवी फळे झाडावर तशीच राहतात. दक्षिण फ्रान्समध्ये, तुलाँ शहराजवळच्या सोलिएस-पाँ या भागात मात्र असेच उशिराचे एक जांभळे-काळे अंजीर गावाची कीर्ती झाले आहे. त्याची तोडणी ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत चालते, आणि 2006 साली त्या फळास स्थलनामाचे अधिकृत संरक्षणही मिळाले. याचे कारण हवेत आहे. भूमध्य समुद्राच्या काठी उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस शरद ऋतूत व हिवाळ्यात येतो. पिकावयास लागलेले अंजीर भिजले की त्याची साल तडकते आणि आतला गर आंबतो. तेव्हा तेथल्या शेतकऱ्याचेही शेवटच्या तोड्याच्या वेळी आकाशाकडे लक्ष असते.

आता हीच जात बेळगावच्या मातीत लावली असे समजू. त्यांच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे फळ पिकविणारे ऊन. आपल्याकडे त्याच महिन्यांत छत्री मिटत नाही. दमट हवेत पानांवर तांबेरा पडतो, पाने गळतात, आणि पाने गेलेल्या झाडाचे फळ गोड होत नाही. खानापूरकडे आणि घाटाखाली गोव्यात तर विचारावयासच नको. जाहिरातीतला ‘उशिरा’ हा शब्द खोटा नाही. तो दुसऱ्या पंचांगातला आहे, एवढेच.

दुसरी अडचण याहून मनोरंजक आहे, आणि मुलांनी ती ध्यानात ठेवावी अशी आमची इच्छा आहे. अंजीर हे वड, पिंपळ, उंबर यांचे सगोत्र. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. परंतु उंबराला फुले असतात, ती फळाच्या आत दडलेली असतात. (आमच्या घरच्या कोकणीत उंबराला रुमड म्हणतात; ते फोडले की आतून चिलटे उडतात, हे कोणत्याही पोराला ठाऊक असते.) ही चिलटे म्हणजेच परागाची ने-आण करणाऱ्या माश्या. अंजिराच्या कित्येक जाती माशीवाचून फळ धरतात, आपले पुण्याचे अंजीर त्यांतलेच. परंतु तुर्कस्तानातील स्मर्ना जातीला माशी हवीच. कॅलिफोर्नियात या जातीची झाडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लावली गेली. झाडे वाढली, फळे धरली आणि कच्चीच गळून पडली. माशीची गोष्ट अनेकांना अडाण्यांची समजूत वाटे. शेवटी 1899 साली फ्रेस्नो येथे जॉर्ज रोडिंग यांच्या बागेत ती माशी आणून वसविण्यात आली, तेव्हा कोठे फळ टिकले. आपल्या उंबराची माशी येथे उपयोगी पडत नाही. प्रत्येक कुळाची माशी निराळी. म्हणून रोप घेताना ‘याला माशी लागते काय?’ हा प्रश्न पहिला विचारावा, आणि विक्रेत्यास उत्तर देता आले नाही तर रोप तेथेच ठेवून घरी यावे.

मग उशिराचे फळ आपल्या नशिबी नाहीच काय? आहे, परंतु ते जातीवर नव्हे, हातावर अवलंबून आहे. अंजिराचे मुख्य फळ नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात येते. छाटणी केव्हा केली यावर फूट केव्हा येणार हे ठरते, आणि छाटणीनंतर सुमारे चार-साडेचार महिन्यांनी फळ पिकू लागते. पुरंदर तालुक्यात, सासवडजवळच्या दिवे, सोनोरी या गावांत, शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले आहेत. पावसाळी फळाला ते खट्टा बहार म्हणतात आणि उन्हाळी फळाला मिठा बहार. नावांतच निवाडा झाला आहे. पुरंदरच्या अंजिरास 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही परदेशी रोपामुळे नव्हे.

यावर असे म्हणतात की, पुरंदरात खट्टा बहारही धरतात व त्याचेही पैसे होतात, मग आपणच का सोडावा? पुरंदर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, हे विसरून हा प्रश्न विचारला जातो. सौंदत्ती किंवा अथणीकडच्या कोरड्या रानात कोणी तो प्रयोग केला तर आम्ही अडविणार नाही. बेळगावच्या आसपास मात्र ऑक्टोबरात छाटणी करून उन्हाळी फळच घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यातही सुख नाही. फळ भरत असते तेव्हाच विहिरी तळ गाठतात. मार्च-एप्रिलमध्ये ज्यांच्या विहिरीत पाणी उरत नाही त्यांनी अंजिराच्या वाटेस जाऊ नये, मग जात कितीही नामांकित असो. ऊन चाळिशीच्या घरात गेले तर फळ अकाली पिकते आणि साल चामट होते, हेही हिशेबात धरावे.

रोप लावल्यापासून बरे उत्पन्न हाती येण्यास तीन-चार वर्षे लागतात. कर्ज काढून लावलेल्या बागेत चौथ्या वर्षी फळे आंबू लागली तर त्या घरातील मुलाची शाळा सुटते. हे आम्ही हजेरीपटावरून बोलत आहो.

आणखी एक गोष्ट. अंजीर कच्चे तोडले तर आंब्यासारखे अढीत पिकत नाही, आणि पिकलेले तोडले तर दोन दिवसही धड राहत नाही. पहाटे तोडलेली पाटी त्याच दिवशी बाजारात पोचली पाहिजे. म्हणून बागेसाठी जागा पाहताना विहिरीपासूनचे अंतर जसे मोजाल तसेच एस.टी.च्या थांब्यापासूनचेही मोजा, आणि तोडताना हाताला फडके गुंडाळा. देठाच्या चिकाने कातडी सोलवटते.