अंगणवाडीच्या भिंतीला रंग मिळतो, मग ताईंच्या प्रशिक्षणाला पैसे का नाहीत? सातारा-सांगलीच्या निमित्ताने समजून घ्या

रंगवलेली भिंत, त्यावर फुलपाखरं आणि मुळाक्षरं, कोपऱ्यात देणगीदाराचं नाव. 'अमुक फाउंडेशनने अंगणवाडी दत्तक घेतली' अशा पोस्ट सातारा आणि सांगलीच्या गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. लोक कौतुक करतात आणि ते योग्यही आहे. पण एक प्रश्न राहून जातो. भिंत रंगली, आता त्या खोलीत तीन वर्षांच्या मुलाशी बोलणारं, त्याला गोष्ट सांगणारं माणूस तयार करण्याचा खर्च कोण करणार?

फॅमिली फाउंडेशन आणि सीएसआर एकच आहे का?

नाही. फॅमिली फाउंडेशन म्हणजे एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या संपत्तीतून उभा केलेला ट्रस्ट किंवा संस्था. सर रतन टाटा ट्रस्ट (१९१९) हे त्याचं जुनं उदाहरण. असा ट्रस्ट कुठे आणि किती वर्षं पैसे द्यायचे हे बऱ्याच अंशी स्वतः ठरवतो.

सीएसआर हा कायद्याने आलेला खर्च आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नेटवर्थ, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची असते. अनेक उद्योजक घराणी दोन्ही पैसे एकाच फाउंडेशनमधून वाटतात, म्हणून आपला गोंधळ होतो.

या भागात उद्योजकांचा पैसा आधी कुठे गेला?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या मदतीने माळरानावर कारखान्यासोबत अख्खं गाव वसवलं. ती किर्लोस्करवाडी आज सांगलीच्या पलूस तालुक्यात आहे. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेल्या न्यू इंजिनिअरिंग कॉलेजला वालचंद हिराचंद यांच्या धर्मादाय ट्रस्टची मोठी देणगी मिळाली आणि १९५५ पासून ते वालचंद कॉलेज म्हणून ओळखलं जातं.

साताऱ्याचा मार्ग थोडा वेगळा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. ती मोठ्या देणग्यांइतकीच गावकऱ्यांनी दिलेल्या धान्यावर आणि मुलांच्या श्रमावर उभी राहिली.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. पैसा कारखान्याकडे, शाळा-कॉलेजकडे आणि वसतिगृहाकडे गेला. सहा वर्षांखालचं मूल घरच्यांची जबाबदारी मानलं गेलं.

आजही बालशिक्षण मागे का पडतं?

पहिलं कारण, खर्चाचा प्रकार. इमारत एकदा बांधली की काम संपतं, फोटो निघतो. बालशिक्षणाचा खरा खर्च माणसांवर असतो: प्रशिक्षण, वर्गात येऊन मदत करणारी मार्गदर्शक, पालकांच्या भेटी. हा खर्च दरवर्षी करावा लागतो आणि फोटोत दिसत नाही.

दुसरं, मुदत. सीएसआरच्या नियमांत 'चालू प्रकल्प' सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालू शकतो. ताईंचा हात बसतो, पालकांचा विश्वास बसतो, तोवर अनुदान संपतं.

तिसरं, जागा. कायदा कंपन्यांना आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. कारखाने आहेत शिरवळ, फलटण, सातारा, कुपवाड, मिरज या पट्ट्यात. माण, खटाव, जत, आटपाडी हे दुष्काळी तालुके त्या परिसरात सहसा येत नाहीत. जतच्या सीमेवरच्या अनेक घरांत तर कन्नड बोलली जाते. तिथल्या मुलाला कोणत्या भाषेत गोष्ट सांगायची, हे शिकवायला कौशल्य लागतं. रंगाचा डबा तिथे पुरत नाही.

चौथं, परदेशी निधी. २०२० मधल्या एफसीआरए दुरुस्तीनंतर एक संस्था आपला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत तालुक्यातल्या छोट्या संस्थेपर्यंत पोहोचणारा रस्ता त्यामुळे बंद झाला.

पण हे सरकारचं काम नाही का?

आहेच. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण हे सगळं अंगणवाडीच्या एका छताखाली येतं. पण केंद्राच्या २०१७ च्या निकषानुसार एका मुलाच्या पूरक आहारासाठी दिवसाला ८ रुपये धरले आहेत, आणि २०१८ पासून सेविकेच्या मानधनातला केंद्राचा दर महिन्याला ४,५०० रुपये आहे. राज्य त्यात भर घालतं. त्याच ताईंनी वजनं घ्यायची, ॲपवर माहिती भरायची, आहार वाटायचा आणि उरलेल्या वेळात शिकवायचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ हा वयोगट 'पायाभूत स्तर' ठरवला. अपेक्षा वाढली, वेळ मात्र तेवढाच राहिला.

मग पैसा कुठे लागला तर फरक पडतो?

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १९६२ मध्ये पेरी प्रीस्कूल प्रकल्प सुरू झाला. प्रशिक्षित शिक्षक, लहान गट आणि दर आठवड्याला घरभेट हा त्याचा गाभा होता. तिथली मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा अभ्यास झाला. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा या खर्चाचा समाजाला मिळणारा परतावा वर्षाला ७ ते १० टक्के निघाला.

आपल्याकडचा धडाही असाच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी पाड्यांवर बालवाडी नेली, ती महागड्या साहित्याशिवाय. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा सुरू झाली. मातृभाषेतून वाचन-लेखन कसं शिकवायचं, यावर तिथे अनेक दशकं काम झालं. तीन वर्षांच्या अनुदानात हे बसलं नसतं.

गावाने काय विचारावं?

महाराष्ट्रात अंगणवाडी दत्तक घेण्याचं धोरण आहे, त्यामुळे देणगीदार येत राहतील. त्यांना नकार देण्याचं कारण नाही. गळकं छप्पर, पाणी आणि शौचालय याही खऱ्या गरजा आहेत. पण करार होताना ग्रामसभेत तीन प्रश्न विचारता येतात. रकमेतला किती भाग प्रशिक्षणाला आहे? मदत किती वर्षं चालेल? आणि ती थांबल्यावर काय?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काही प्रमाणात गावाच्याच हातात आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ही रक्कम अनेक गावांत छोटी असेल, पण ती दरवर्षी येते. गेल्या वर्षी ती कशावर खर्च झाली, हे पुढच्या ग्रामसभेत कोणीही विचारू शकतं.